उतारवयातलं बीपी : ‘वय झालं की वाढतंच’ म्हणून सोडून देऊ नका

आजचा पाठ घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांसाठी आहे, आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांसाठीही. विषय उच्च रक्तदाबाचा, म्हणजे आपण ज्याला नुसतं ‘बीपी’ म्हणतो त्याचा. पाठ थोडा मोठा आहे. एका बैठकीत झाला नाही तर दोनदा वाचा, पण पुरा वाचा. उदाहरणं इंदूरची घेतली आहेत, कारण पोहे-शेव, जीरावण, पापड-लोणचं हे आपल्या रोजच्या ताटातलं आहे आणि बीपीची अर्धी गोष्ट ताटातच आहे.

१. बीपी म्हणजे नेमकं काय?

हृदय रक्त ढकलतं तेव्हा रक्तवाहिनीच्या भिंतीवर जो जोर पडतो तो वरचा आकडा. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय सैल पडतं, तेव्हा उरलेला जोर तो खालचा आकडा. हातावर पट्टा बांधून दाब मोजायची युक्ती इटलीच्या रिवा-रोची या डॉक्टरांनी १८९६ मध्ये काढली. पुढे १९०५ मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी नळी लावून आवाज ऐकत दोन्ही आकडे मोजायची रीत दिली. आजही दवाखान्यात तीच रीत चालते.

आपल्याकडे वरचा १४० किंवा त्याच्या पुढे, अथवा खालचा ९० किंवा त्याच्या पुढे, असं वेगवेगळ्या दिवशी पुन्हा पुन्हा आलं तर उच्च रक्तदाब धरतात. घरी शांतपणे मोजलं तर ही रेघ थोडी खाली, १३५/८५ ला. एकदाच जास्त आलं म्हणून लगेच रोग झाला असं नाही. आणि एकदा बरोबर आलं म्हणून सुटका झाली असंही नाही.

२. वयाबरोबर वरचा आकडा का चढतो?

तळ्यावर पंपाला लावायचा रबरी पाइप आठवा. नवा असतो तेव्हा मऊ. पंपाने धक्का दिला की तो थोडा फुगतो आणि धक्का पचवतो. चार उन्हाळे उन्हात पडला की कडक होतो. मग तोच पंप, तेच पाणी, पण धक्का सगळा भिंतीवर बसतो. आपली मोठी धमनी वयाबरोबर अशीच ताठर होत जाते. म्हणून म्हाताऱ्या माणसात वरचा आकडा १६०-१७० आणि खालचा मात्र ७०-८० असं पुष्कळदा दिसतं. ‘खालचा तर चांगला आहे ना, मग काय एवढं?’ असं म्हणून लोक सोडून देतात. साठीनंतर धोका जास्त करून वरचाच आकडा सांगतो, हे लक्षात ठेवा.

हा प्रकार किती पसरलेला आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ वर्षांवरच्या पुरुषांत साधारण २४ टक्के आणि बायकांत २१ टक्के लोकांचं बीपी वाढलेलं किंवा त्यासाठी औषध चालू असलेलं निघालं. साठीच्या पुढे हे प्रमाण बरंच चढतं. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ४५ वर्षांवरच्या सुमारे ७२ हजार लोकांची पाहणी केली. त्यात ६० च्या पुढच्यांत जवळपास तिघांतल्या एकाला डॉक्टरांनी बीपी असल्याचं आधीच सांगितलेलं होतं. ज्यांनी कधी मोजलंच नाही ते यात धरलेले नाहीत.

३. ‘म्हातारपणी एवढं चालायचंच’ हे खरं आहे का?

नाही. पण हा समज आला कुठून ते बघा. पूर्वी डॉक्टरसुद्धा ‘वय अधिक १००’ असा हिशोब सांगायचे. म्हणजे ७० वर्षांच्या माणसाला १७० चालेल. वाहिन्या कडक झाल्या म्हणजे रक्त पोचवायला जास्त दाब लागणारच, तो कमी करू नये, असं तेव्हा बऱ्याच जणांना वाटे.

त्याची किंमत जगाने पाहिली आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत होतं. १९४४ मध्ये ते १८६/१०८ होतं. १२ एप्रिल १९४५ ला त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आकडा ३००/१९० होता. वय ६३. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाजवळ डॉक्टर होते, पण चांगलं औषध नव्हतं. आज ते औषध गावच्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. आणि आपण ते ‘बरं वाटतंय’ म्हणून बंद करतो.

उतारवयात औषधाने फायदा होतो का, हे नंतर नीट तपासलं गेलं. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचा निकाल आला. त्यात साठीच्या पुढचे ४,७३६ लोक होते. वरचा आकडा १६० च्या वर, खालचा ९० च्या आत. अर्ध्यांना क्लोरथॅलिडोन ही स्वस्त गोळी दिली, गरज पडली तर दुसरी जोडली. पाच वर्षांत गोळी न घेणाऱ्या १०० पैकी ८ जणांना पक्षाघात झाला, घेणाऱ्यांत ५ जणांना. म्हणजे तिघांतला एक पक्षाघात टळला.

मग प्रश्न आला ऐंशीच्या पुढच्यांचा. २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात ८० च्या पुढचे ३,८४५ लोक होते. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी कमी झाले. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास वेळेआधीच थांबवला. म्हणून ‘आता या वयात गोळ्या कशाला’ हे वाक्य घरात कोणी बोललं तर त्याला हा हिशोब सांगा.

४. जोखीम कशाने वाढते?

काही गोष्टी आपल्या हातात नाहीत : वय, आई-वडिलांकडून आलेला वारसा, आणि बायकांच्या बाबतीत पाळी जाणं. तरुणपणी पुरुषांत बीपी जास्त दिसतं, पण पाळी गेल्यावर बायका ती बरोबरी गाठतात. म्हणून आजीचं बीपीही आजोबांइतकंच नेमाने मोजा.

हातातल्या गोष्टी मात्र बऱ्याच आहेत.

मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ हवं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आपण भारतीय त्याच्या जवळपास दुप्पट खातो. घरचा हिशोब करून बघा. पाच माणसांच्या घरात दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचा पुडा ४० दिवस पुरायला हवा. तुमच्याकडे तो वीस-पंचवीस दिवसांत संपतो का? (मासळी धुवायला आणि लोणच्याला लागलेलं मीठ वजा करा.) आणि बाहेरचं मीठ यात आलेलंच नाही.

आता इंदूरचं ताट. सकाळी पोहे, त्यावर मूठभर शेव, वरून जीरावण. जीरावणात साधं मीठ आणि काळं मीठ दोन्ही असतं. दुपारी जेवणात लोणचं-पापड. पापडात मीठ असतंच, शिवाय पापडखार, आणि त्यातही सोडियमच. संध्याकाळी चहाबरोबर पुन्हा नमकीन. छप्पन दुकान किंवा सराफ्यात गेलो तर अजून. एकेक पदार्थ थोडाच वाटतो, पण बेरीज मोठी होते. पोहे सोडा असं कोणी म्हणत नाही. शेव निम्मी करा, जीरावण चिमूटभर, वरून लिंबू आणि कोथिंबीर जास्त. ज्या जेवणात लोणचं आहे त्यात पापड नको.

पाकिटावर ‘सोडियम’ किती मिलीग्रॅम ते छापलेलं असतं. त्याला अडीचने गुणा, मीठ निघतं. सोडियम ४०० मिलीग्रॅम म्हणजे मीठ साधारण १ ग्रॅम. दिवसाचं सगळं सोडियम २,००० मिलीग्रॅमच्या आत हवं.

सुकी आणि खारवलेली मासळी. ताजी मासळी बीपीला शत्रू नाही. यशवंत सागरच्या किंवा इतर तळ्यांतल्या रोहू, कटला, मृगळमध्ये मुळात मीठ फार थोडं. अडचण खाऱ्या मासळीची. खारा बांगडा, खारवून वाळवलेली सुकट ही वयस्क माणसाने कधीतरी चवीपुरती खावी. करायची असेल तर पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून, पुन्हा धुऊन घ्या आणि कालवणात वेगळं मीठ घालू नका.

सैंधव मिठाचा गैरसमज. ‘उपासाचं मीठ बीपीला चालतं’ असं पुष्कळ लोक मानतात. सैंधव असो, काळं असो, मुख्य भाग सोडियम क्लोराइडच. चालत नाही. बाजारात पोटॅशियम मिसळलेलं कमी सोडियमचं मीठ मिळतं, त्याचा फायदा मात्र सिद्ध आहे. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर केलेल्या आणि २०२१ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात अशा मिठाने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण सावधान : मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा टेल्मिसार्टनसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मीठ घेऊ नका. रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाला धोका होऊ शकतो.

दुखण्याच्या गोळ्या. हा मुद्दा आपल्या धंद्यातल्या माणसांनी खास वाचावा. जन्मभर जाळं ओढून, वल्हं मारून कंबर, खांदे, गुडघे दुखतात. मग मेडिकलवरून आयबुप्रोफेन नाहीतर डायक्लोफिनॅक रोज घेतलं जातं. या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, बीपीच्या गोळीचा असर कमी करतात, आणि वयस्क माणसाच्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. दुखणं आहे तर डॉक्टरांना सांगा, त्याला दुसरा उपाय असतो. स्टेरॉइडच्या गोळ्या, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्या आणि रोज खाल्लेलं ज्येष्ठमध यांनीही बीपी चढतं.

तंबाखू आणि दारू. विडी असो, खैनी, गुटखा की मिश्री, निकोटिन रक्तात गेलं की वाहिन्या आवळतात. तंबाखू आणि बीपी एकत्र असतील तर हृदयाचा धोका कितीतरी वाढतो. थंडीत पाण्यावर ‘अंगात ऊब यावी’ म्हणून घेतलेली दारू नेमाने घेतली की बीपी कायमचं वर नेते.

पोट, बसून राहणं, झोप. काम सुटलं की म्हातारा माणूस ओट्यावर बसून राहतो, खाणं मात्र कष्टाच्या दिवसांचंच. पोट सुटतं, दाब चढतो. आठवड्यातले बहुतेक दिवस अर्धा तास दमानं चालावं. जो मोठ्याने घोरतो, झोपेत श्वास अडकून दचकतो आणि दिवसा पेंगतो, त्याच्या बीपीचं मूळ झोपेत असू शकतं. हे डॉक्टरांना जरूर सांगा. मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर बीपीकडे दुप्पट लक्ष.

‘आम्हाला घाम येतो, मीठ लागतंच’ हे म्हणणंही तपासा. रोजच्या घामापुरतं मीठ साध्या जेवणात असतंच. लागतं ते पाणी. हगवण-उलटी झाली तर गोष्ट वेगळी : तेव्हा ओआरएस घ्या आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी चालू असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

५. बीपी मोजायचं कसं?

चुकीचं मोजलेलं बीपी आणि न मोजलेलं बीपी सारखंच. नियम सोपे आहेत.

– मोजण्याआधी अर्धा तास चहा, विडी, तंबाखू, मेहनत नको. लघवी करून या.
– पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता पाच मिनिटं शांत बसा.
– पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्यावरून नाही. हात हृदयाच्या उंचीवर, खाली आधार.
– मोजताना बोलू नका.
– एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहा.
– पहिल्या वेळी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हातावर जास्त येईल, पुढे तोच हात धरा.

साठीच्या पुढे आणखी एक करा : उभं राहून एक ते तीन मिनिटांत पुन्हा मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर डॉक्टरांना सांगा. घरात पडून खुब्याचं हाड मोडलं तर म्हातारा माणूस अंथरूण धरतो. होडीत चक्कर आली तर सरळ पाण्यात. औषध चालू झाल्यावर किंवा बदलल्यावर सुरुवातीचे काही दिवस एकट्याने होडी काढू नका, आणि झटक्यात उठू नका.

६. गोळी : कधी, कोणती, किती दिवस?

औषधाच्या इतिहासात आपल्या मुंबईचं नाव आहे. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या वनस्पतीचा बीपीवर काय असर होतो ते रुग्णांवर नीट तपासलं आणि १९४९ मध्ये इंग्लंडच्या हृदयविषयक मासिकात छापलं. त्यानंतर जगभर त्याची दखल घेतली गेली. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. पण म्हणून आज कोणी जडीबुटीवाल्याकडून सर्पगंधा आणून खाऊ नये. तिचा डोस साधणं कठीण, आणि मन उदास होण्यासारखे त्रास होतात. आज तिच्यापेक्षा सुरक्षित गोळ्या आहेत.

सरकारी दवाखान्यांत साधारण ॲम्लोडिपिनने सुरुवात करतात, मग गरजेप्रमाणे टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन जोडतात. ॲम्लोडिपिनने काहींच्या पायाला सूज येते. म्हणून ती आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टर बदलून देतात. बहुतेकांचं लक्ष्य १४०/९० च्या आत. ऐंशीच्या पुढे किंवा फार अशक्त माणसात डॉक्टर थोडी ढील देतात आणि औषध हळूहळू वाढवतात.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. आकडा १३० वर आला की माणूस म्हणतो, ‘बरा झालो’, आणि गोळी सोडतो. अहो, आकडा उतरला तो गोळीमुळे! नांगर टाकला म्हणून होडी थांबली. नांगर उचलला की वाहणारच. बीपी दुखत नाही, खुपत नाही, म्हणून गोळी ‘वाटेल तेव्हा’ घ्यायची गोष्ट नाही. रोज एका ठरल्या वेळी. मुक्कामी बाहेर जाताना जाळ्याआधी गोळ्यांची पट्टी पिशवीत टाका.

७. सोय कुठे आहे?

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. सुरुवातीच्या पाच राज्यांत महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश दोन्ही होते. महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत आपल्या कोळी बांधवांचा सिंधुदुर्गही होता. त्यातली रीत साधी : ठरलेली मोजकी औषधं, घराजवळ मोफत गोळ्या, प्रत्येकाची नोंद, आणि जो आला नाही त्याला फोन. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आयुष्मान आरोग्य मंदिरात तिशीच्या पुढच्या सगळ्यांचं बीपी तपासायची सोय आहे. इंदूर शहरात वस्त्यांमध्ये संजीवनी क्लिनिक आहेत, आणि मोठ्या दुखण्याला महाराजा यशवंतराव रुग्णालय, म्हणजे आपलं ‘एमवाय’. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळतात. त्यासाठी आधार दाखवून वय वंदना कार्ड काढून ठेवा. रोजच्या गोळ्या या कार्डात येत नाहीत, त्या सरकारी दवाखान्यातूनच घ्या.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. ‘वेळ नाही’ ही सबब या दोन महिन्यांत चालत नाही. जाळी दुरुस्त करतो तसं याच दिवसांत घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं बीपी, साखर आणि मूत्रपिंडाची तपासणी उरकून घ्या.

८. हे दिसलं तर थांबू नका

तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात किंवा पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर तो पक्षाघात समजा. कांदा हुंगवू नका, तोंडात पाणी किंवा गोळी घालू नका, मालिश नको. लगेच १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा आणि डॉक्टरांना सांगा. छातीत दाब, दम लागणं, अचानक भयंकर डोकेदुखी किंवा दिसेनासं होणं, यातही हेच करा.

स्वतःला विचारा

१) आमच्या घरी एक किलो मीठ किती दिवसांत संपतं?
२) घरातल्या साठीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी शेवटचं कधी मोजलं? आकडा कुठे लिहिलाय?
३) कोणी मनानेच गोळी बंद केली आहे का?
४) कोण रोज दुखण्याची गोळी खातं?
५) १०८ हा नंबर घरातल्या पोरांना माहीत आहे का?

या पाचांपैकी एकाचंही उत्तर अडलं, तर उद्या सकाळचं पहिलं काम तेच. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा सापडत नाही त्यांना हा पाठ वाचून दाखवा. हा पाठ माहितीसाठी आहे. गोळी सुरू करणं, बदलणं, बंद करणं हे तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.